शेजारची घळ

"खरं सांग हं, वहिनी," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांच्या नाकावर चाचणीची चौकट बसवता बसवता तिचा हात जरासा चुकला. भिंगांची ती जड चौकट तिरपी झाली. दुकान बंद व्हायची वेळ होती, मालक अर्ध्या ओढलेल्या शटरखाली वाकून बाहेर कुणाशी तरी बोलत होता आणि मागच्या चिंचोळ्या अंधाऱ्या खोलीत फक्त अक्षरांचा तक्ता तेवढा उजळलेला होता. वर्षानुवर्षं ती या खोलीत लोकांना खुर्चीत बसवून 'हे स्पष्ट की हे?' असं विचारत आली होती. खुर्चीत बसलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा बसतो, दिसत नाही म्हणायला लाजतो, अंदाजाने अक्षरं ठोकून देतो, आणि अंदाज बरोबर आला की खूष होऊन चुकीच्या नंबरचा चष्मा घेऊन घरी जातो. वन्सं तशातल्या नव्हत्या. दिसत नसेल तर 'नाही दिसत, पुढे चल' असं त्या पोलिसाने सांगावं तसं सांगत. आज त्यांनी सगळ्यात खालची ओळसुद्धा धडाधड वाचली आणि तरी हनुवटी टेकवून तशाच बसून राहिल्या. "डोळे ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "हो का," वन्सं म्हणाल्या, "मग डोकं असणार." हसतच म्हणाल्या, पण त्या हसण्याखाली एक पायरी कमी होती, आणि तिचा पाय त्या नसलेल्या पायरीवर पडला. या बाईला भीती वाटू शकते हे इतक्या वर्षांत तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

वन्संनी मग चौकट स्वतःच उतरवून मांडीवर ठेवली आणि सांगितलं की गेल्या महिन्यात सरावाच्या जंगलात नकाशा अचानक मुका झाला. त्या उभ्या होत्या, हातात नकाशा होता, समोर टेकाड होतं, आणि दोघांची ओळखच पटेना. "नुसता रंगीत कागद गं. क्षणभरच. पण मी घाबरले." उद्या सकाळच्या गाडीने दोघी निघणार होत्या, ओरिएंटिअरिंगच्या महोत्सवाला. नकाशा आणि होकायंत्र घेऊन अनोळखी जंगलात धावायचं, नकाशावर गोल केलेल्या जागा क्रमाने शोधायच्या, प्रत्येक जागी टांगलेल्या नारिंगी-पांढऱ्या निशाणापाशी बोटातली चिप टेकवायची, 'टिट्' असा आवाज आला की पुढे पळायचं. दोन दिवस, दोन शर्यती. वन्संचा सगळा जन्म पाणीपुरवठ्याच्या खात्यात नळांचे नकाशे काढण्यात गेला, लग्न त्यांनी केलं नाही, आणि सुट्टीच्या दिवशी जंगलात धावणं हे त्यांचं माहेर-सासर दोन्ही होतं. तिला या नादाला त्यांनीच लावलं. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला तेव्हा ती रविवारची दुपारपर्यंत अंथरुणात पडून राहायला लागली होती. वन्सं आल्या, पांघरूण ओढलं आणि म्हणाल्या, "ऊठ, तुला हरवायला नेते." 'वन्सं' हा शब्द तरी आता कोण वापरतं? लग्नानंतर तिने तो थट्टेत उच्चारला होता, त्यांनीही थट्टेतच उलट 'वहिनी' म्हटलं होतं, आणि मग थट्टा निघून गेली, शब्द तेवढे राहिले.

वन्संनी शिकवलेलं पहिलं म्हणजे नकाशाशी भांडायचं नाही. आजूबाजूचं नकाशाशी जुळत नसेल तर आपण चुकलो. थांबायचं, आणि जिथपर्यंत सगळं खात्रीचं होतं तिथपर्यंत मुकाट्याने मागे जायचं. "आणि जुळवून घ्यायचं नाही," त्या बजावत. हा शब्द तिला पहिल्यांदा जंगलात ऐकू आला तेव्हा हसू फुटलं होतं, कारण तिचं लग्न ठरलं ते याच शब्दावर. मुलगी जुळवून घेणारी आहे, असं मावशीने सांगितलं होतं, आणि खरोखरच तिने जुळवून घेतलं. सासूच्या मौनाशी, नवऱ्याच्या घोरण्याशी, खिडकी नसलेल्या त्या चाचणीच्या खोलीशी. जंगलात मात्र हीच खोड निघाली. नकाशात मोठा खडक असला की तिला कुठलाही धोंडा मोठा दिसायला लागे. पायवाट हवी असली की दोन झाडांमधली जागा पायवाट होई. "वहिनी, तू त्या दगडाला खडक म्हणालीस म्हणून तो वाढणार आहे का?" वन्सं विचारत. ती नेहमी खालून तिसरी-चौथी येई आणि तिला त्याचं काही वाटत नसे. निदान तसं ती समजत होती.

गाडीत वन्संना झोप लागली. तोंड किंचित उघडं, मांडीवर निळी टोपी. समोरच्या बाकावरच्या बाईने "आई का तुमच्या?" असं विचारलं तेव्हा तिला राग आला, आणि रागाच्या मागोमाग एक लाजिरवाणी गुदगुली झाली, की म्हणजे आपण बऱ्याच लहान दिसतो. दोघी पन्नाशीपुढच्या बायकांच्या एकाच गटात धावत. त्या गटाची वरची हद्द नव्हतीच. वन्सं दर वर्षी म्हणत, "या गटातून आता एकच बढती बाकी आहे." उतरायची सोय एका शाळेत केलेली होती, मोठ्या सभागृहात गाद्यांच्या रांगा, बाकांवर वाळत घातलेले मोजे, भिंतीवर कुठल्या तरी मुलांनी काढलेली ग्रहमाला. दातांच्या डॉक्टरीणबाई दर वर्षीप्रमाणे आपली उशी घरून घेऊन आल्या होत्या. शर्यतीची आखणी करणारे गृहस्थ भूगोल शिकवत, म्हणून सगळे त्यांना भूगोलच म्हणत. ते पायात चिखलाचे बूट घालून गाद्यांमधून फिरत होते आणि "उद्या सहावं निशाण सांभाळा हं, मग म्हणाल सांगितलं नाही," असं प्रत्येकीला सांगत होते.

सकाळी जंगल ओलं होतं. सरळसोट झाडं, खाली गुडघाभर नेचे, आणि मधूनच अंगावर येणारा कुजलेल्या पानांचा गोड वास. वन्सं तिच्या आधी सुटल्या. पहिली पाच निशाणं तिने नेहमीसारखीच काढली, थोडी चुकत, थोडी दुसऱ्यांच्या पाठी बघत. पाचव्यापासून उतार होता आणि उतारावर शेजारीशेजारी दोन घळी, डोक्यात दोन भांग पाडावेत तशा. नकाशावर सहावा गोल दुसऱ्या घळीत होता. ती खोल घळ होती आणि तिच्या तोंडाशी मोठा खडक दाखवलेला होता. ती तिरकी उतरत गेली, मध्ये एका पन्हळीसारख्या खळगीतून पाय घसरला, उठताना तिने स्वतःला सांगितलं की ही झाली पहिली घळ, आता पुढची दुसरी. पुढची आली. फार खोल नव्हती, पण असेल, नेच्यांनी भरली असेल. खडक फार मोठा नव्हता, पण नकाशा काढणाऱ्याला वाटला असेल मोठा. ती खाली वळली आणि निशाण समोर होतं. निशाणावरचा आकडाही तोच. टिट्. इतका सुंदर आवाज तिने कधी ऐकला नव्हता. ते निशाण फक्त त्यांच्याच गटाचं होतं आणि आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

सातव्याकडे जाताना वाटेत पडक्या भिंतीचा कोपरा लागायला हवा होता. भिंत नव्हती. पायवाटेचं वळण आलं आणि वळणावर गुरांच्या पाण्याचं दगडी कुंड. ती थांबली. कुंड नकाशात होतं, पण भलतीकडे. एकदा तरी तिने जुळवून न घेता नीट पाहिलं, आणि पाहिल्यावर सगळं लख्ख झालं. कुंडापाशी यायचं तर माणूस पहिल्या घळीतूनच निघायला हवा. ती खळगी घळ नव्हतीच. म्हणजे ती चुकून पहिल्या घळीत उतरली होती. म्हणजे निशाणही पहिल्या घळीत होतं. म्हणजे निशाण लावणारासुद्धा तिच्यासारखाच चुकला होता. जो नकाशा बरोबर वाचील तो दुसऱ्या घळीत जाणार आणि तिथे त्याला काहीच सापडणार नाही. तिला क्षणभर गंमत वाटली. मग ती वाट सुधारून वर चढली, दुसऱ्या घळीच्या माथ्यावरून वळसा घ्यावा लागला, आणि सहज खाली पाहिलं तर निळी टोपी. वन्सं त्या मोठ्या खडकाभोवती फिरत होत्या. धावत नव्हत्या, चालत होत्या. नकाशाकडे बघत, खडकाकडे बघत, पुन्हा नकाशाकडे. मग त्यांनी खडकाला हात लावला, तळवा पूर्ण टेकवून, ताप बघावा तसा. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. शर्यतीत बोलायचं नाही असा नियम आहे. नियम तिला त्या क्षणी इतका स्पष्ट आठवला की जणू कुणी कानात वाचून दाखवला. तिने मान फिरवली आणि ती पळाली, आणि आयुष्यात कधी पळाली नव्हती अशी पळाली, कारण थांबलं तर विचार करावा लागला असता.

भोंग्यावर तिचा पहिला नंबर पुकारला गेला. दातांच्या डॉक्टरीणबाई हाशहुश करत आल्या, मग एकेक जण येत राहिली, आणि खूप वेळाने वन्सं, टोपी हातात, कपाळावर केस चिकटलेले. शर्यत झाली की सगळ्या जणी गवतावर बसून नकाशे पसरतात आणि नकाशावर बोट ठेवून आपापली वाट सांगतात, हे दर वेळचंच. यात फुशारकी कमी आणि रडगाणं जास्त असतं. आज प्रत्येकीचं बोट सहाव्यापाशी अडत होतं. "माझं डोकंच फिरलं," एक म्हणाली. "मी तर घळीच मोजायला विसरले वाटतं, सापडलं ते शेजारच्या घळीत. घरी सांगू नका." "मी चष्मा पुसत होते तेवढ्यात घळ सरकली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. निशाण चुकलं असेल असं एकीच्याही मनात आलं नाही. त्या सगळ्या चांगल्या शिकलेल्या होत्या, नकाशाशी भांडायचं नाही हे सगळ्यांच्याच हाडांत मुरलेलं होतं, आणि प्रत्येक जण आपापली लाज पदरात बांधून हसत होती. भूगोल येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "काय, पाजलं की नाही पाणी सगळ्यांना सहाव्याने? या सोडून! सांगा ना बाई, कसं काढलंत?" सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे वळले. अजूनही वेळ होती. तिने बोट ठेवलं. बोट पाचव्यावरून निघालं, पहिल्या घळीवरून सावकाश गेलं, दुसऱ्या घळीत शिरलं आणि खडकापाशी थांबलं. ती एक शब्द बोलली नव्हती. खोटं बोललं ते बोट. "वा," कुणीतरी म्हणालं, "किती शांत डोकं." वन्सं त्या बोटाकडे बघत होत्या. मग त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली, चांगली सणसणीत. "शिकली हो माझी वहिनी," त्या सगळ्यांना म्हणाल्या. त्यांच्या आवाजात हेवा असता तर तिला सोसलं असतं. त्यात नुसता अभिमान होता.

नवऱ्याचा फोन आला. "ताईला हरवलंस? आता घरी ये तू, कुलूप बदलतो," असं म्हणून तो मनापासून हसला. ती शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून हसली. पाठीवर थापेची जागा अजून गरम होती, चटका बसल्यासारखी. तिने स्वतःशी हिशेब जुळवायला घेतला. निशाण मी लावलं नव्हतं. मला काय माहीत, कुंडच चुकीचं काढलं असेल. आयुष्यात एकदा पहिली आले तर कुणाचं काय बिघडलं? आणि हे सगळं इतकं छान जुळत होतं की तिची तिलाच किळस आली. हीच ती खोड. धोंड्याला खडक म्हणायची.

सभागृहात उन्हाचा शेवटचा तुकडा गाद्यांवर पडला होता. वन्सं उद्याच्या सदऱ्याला लावलेला नंबर काढत होत्या, एकेक पिन सोडवून. "उद्या मी चहाच्या टेबलाशी उभी राहते," त्या म्हणाल्या. "माणसं कमी आहेत त्यांच्याकडे."

"का? पाय दुखतोय?"

"पायाला काय धाड भरलीय." त्यांनी पिन तळहातावर ठेवली. "वहिनी, तो खडक होता. मी हात लावून बघितला. नकाशातला तोच खडक, शपथेवर सांगितलं असतं मी. आणि निशाण तिथे नव्हतं. म्हणजे मला आता जे पक्कं वाटतं तेच नसतं. एरवी चालेल गं, घरी फार तर चहात मीठ टाकेन. जंगलात हे बरं नाही. हे काही उद्यापुरतं नाही, आता पुरे."

"भूगोलचंच चुकलं असेल," ती म्हणाली.

"मग तुला कसं सापडलं?"

प्रश्नात संशय नव्हता. ज्याला खरंच उत्तर हवं असतं तो विचारतो तसा विचारलेला प्रश्न. उत्तर एवढंसं होतं, आणि ते तिच्या तोंडात आलं, आणि गिळलं गेलं. ती उठली. वन्संना वाटलं असेल तिला वाईट वाटलं म्हणून ती चालली. भूगोल मागच्या अंगणात नळाखाली सूपाचं भांडं घासत होते. तिने सांगितलं की सहावं निशाण पहिल्या घळीत आहे. त्यांनी घासणं थांबवलं नाही. "बाई, तुम्ही तर सरळ त्याच्यापाशी गेलात."

"मी चुकले होते म्हणून."

"म्हणजे?"

"मला दुसऱ्या घळीत जायचं होतं. मी चुकून पहिल्या घळीत गेले. तुम्हीही गेला असणार."

"तुम्ही पहिल्या आलायत, बाई."

"चुकून."

"चुकून माणूस शेवटचा येतो," ते म्हणाले, पण नळ त्यांनी बंद केला. हात पँटला पुसत ते जंगलाकडे निघाले. परत आले तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेले होते आणि तोंड असं झालं होतं की तिला त्यांच्याकडे बघवेना. पहाटे धुक्यात त्यांनीही ती खळगी घळ म्हणून मोजली होती. सभागृहात उभं राहून त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं, माफी मागितली, बायकांच्या गटाचा आजचा निकाल रद्द केल्याचंही सांगितलं. मग एक म्हणाली, "म्हणजे मी वेडी नाही?" आणि एकदम गलका उठला, जी ती आपापलं सहावं नव्याने सांगायला लागली, छाती काढून. "पण शोधलं कुणी?" भूगोलनी तिच्याकडे बोट दाखवलं. "या चुकून तिथे पोचल्या होत्या. माझ्यासारख्याच." डॉक्टरीणबाई उशी पोटाशी धरून म्हणाल्या, "अहो, मग तुमची दोघांची पत्रिका जुळते की!" हशा झाला. त्यात वन्सं हसल्या नाहीत. त्या तिच्याकडेही बघत नव्हत्या. समोर हवेत बघत होत्या, मनात नकाशा उघडल्यासारख्या, आणि तिने ओळखलं की त्या आता तिची वाट चालत आहेत, पहिल्या घळीतून बाहेर, कुंडापाशी, तिथून वर.

"मग सातव्याला जाताना तू माझ्या डोक्यावरून गेली असशील," वन्सं म्हणाल्या.

"हो."

"मी खडकापाशी होते."

"हो."

"हात लावत होते तेव्हा?"

तिने नजर खाली गादीवर उतरवली. वन्संनी मान हलवली. त्यांचं डोकं बिलकुल शाबूत होतं, सुरीसारखं. त्यांनी सदरा ओढून घेतला, गादीवरची पिन उचलली आणि नंबर पुन्हा लावायला लागल्या, चारी कोपरे नीट ताणून. त्या रात्री त्यांनी तिच्याशी एक शब्द काढला नाही. सकाळीही नाही. दात घासताना शेजारच्या नळावर उभ्या राहून त्यांनी टूथपेस्ट मागितली ती डॉक्टरीणबाईंकडे.

दुसऱ्या दिवशीची शर्यत तिने कशी केली ते तिला आठवत नाही. नेहमीसारखी खालून चौथी आली असेल. गवतावर बसून ती जंगलाच्या कडेकडे बघत राहिली. एकेक जण येत होती. वन्सं येत नव्हत्या. ऊन चढलं, भोंगा खरखरून गप्प झाला, चहाचं पातेलं एकदा संपून दुसरं चढलं. कालचा खडक, कालचा तळवा. आता त्या खरंच कुठेतरी उभ्या असतील, नकाशा मुका झालेला. मग झाडी हलली आणि वन्सं बाहेर आल्या, भलत्याच बाजूने, एक बाही फाटलेली, गालावर काट्याचा ओरखडा, बुटात पाणी वाजत होतं. आणि त्या हसत होत्या.

"चुकले!" त्या लांबूनच ओरडल्या. "अशी चुकले, अशी चुकले की काही विचारू नका! ओढाच उलट धरला मी. खाली जायचं तर वर गेले. दलदलीत कमरेपर्यंत. आणि सगळं माझं मी, कुणाची मदत नाही!" बायकांनी त्यांना मध्ये जागा करून दिली. त्या धपकन बसल्या, बुटाच्या नाड्या सोडता सोडता सांगत राहिल्या, कुठे चूक झाली, कशी कळली, कशा मागे फिरल्या, आणि सांगताना त्यांचा चेहरा एखाद्या पोरीसारखा लालबुंद झाला होता. "पण एवढा वेळ होतात तरी कुठे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आमच्या वहिनीला विचारा," वन्सं बूट उपडा करत म्हणाल्या. "ती सांगेल. ती वरनं बघत असते, देवासारखी."

सगळ्या हसल्या. त्यांना ते नुसतं नणंद-भावजयीचं वाटलं. तिचे कान पेटले. तीही हसू शकली असती, हसण्यात मिसळून जाणं किती सोपं होतं. "काल बघत होते," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "तुम्हाला शोधताना बघितलं मी वरून. आणि हाक मारली नाही. तशीच पुढे गेले." हसणं एकेका तोंडावरून ओसरलं. डॉक्टरीणबाई आपल्या नखांकडे बघायला लागल्या. कुणीतरी नकाशाची घडी घातली, आणि त्या घडीचा आवाजसुद्धा मोठा झाला. वन्संनी दुसरा बूट काढला. त्यातलं पाणी गवतावर ओतलं, मोजा पिळला, वाकडा होता तो सरळ केला. मग तिच्याकडे न बघता शेजारी पडलेला रिकामा कप उचलून तिच्यापुढे धरला.

"ऐकलं सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "आता चहा आण. आणि गरम आण, कालच्या तुझ्यासारखा थंडगार नको."

कप घेऊन ती उठली आणि सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेऊन टेबलाकडे चालायला लागली.